इंजेक्शन दिलं की घोडं चालतं, चार दिवसांनी पुन्हा लंगडतं: नेमकं कुठं चुकतंय?

बेळगाव, निपाणी, चिकोडी, रायबाग या पट्ट्यात घोडं पाळणाऱ्यांची एक तक्रार वर्षभर चालू असते. घोडं वरातीचं असो, गाडीशर्यतीचं असो, नाहीतर हौसेखातर दारात बांधलेलं. ते लंगडलं, कुणीतरी इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी झकास चालायला लागलं आणि आठवडा संपायच्या आत पुन्हा तोच पाय उचलून उभं राहिलं. मग पुन्हा इंजेक्शन. पुढच्या खेपेला डोस वाढतो, त्याच्या पुढच्या खेपेला औषध बदलतं, आणि एवढं सगळं झाल्यावर मला फोन येतो: "डॉक्टर, याच्यापेक्षा पॉवरफुल काय हाय का बगा की."

पॉवरफुल औषध असतं. पण पहिलं औषध कमी पडलं म्हणून लंगड परत आलेली नसते. ते व्यवस्थित लागू पडलं होतं, म्हणून तर घोडं मधले चार दिवस चाललं. फ्यूज सारखा उडतोय म्हणून त्यात जाड तार घालावी, तसं हे चाललेलं असतं. खाली जे लिहितोय ते या चक्रातून बाहेर पडण्यासाठी. औषधांचे आकडेही देणार आहे. ते घरी सिरिंज भरण्यासाठी नाहीत. आपल्या घोड्याला काय दिलं जातंय ते समजावं आणि देणाऱ्याला प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी आहेत.

औषध आत जाऊन काय करतं

घोड्यात मुख्यतः तीन वेदनाशामकं वापरात आहेत: फिनाइलब्युटाझोन (बोलीत नुसतं 'ब्युट'), फ्लुनिक्सिन आणि मेलोक्सिकॅम. तिन्ही एकाच घराण्यातली. इजा झाली की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. त्यामुळं सूज येते, जागा गरम होते, दुखतं. ही औषधं त्या रसायनांचं उत्पादन रोखतात. अडचण अशी की पोटाचं आतलं अस्तर शाबूत ठेवायला आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवायलाही हीच रसायनं लागतात. दुखणं थांबवताना ती राखणही कमी होते. डोस योग्य आणि दिवस मोजके असतील तर घोडं हे सहज सोसतं. दोन्ही गोष्टी सुटल्या की नाही सोसत.

उलट टोकाची माणसंही भेटतात. "दुखू द्या, दुखलं की गप उभं राहतंय," म्हणून औषधच देत नाहीत. हेही चूक. तीव्र वेदनेत घोडं खाणं सोडतं, नाडी वाढते, आणि एका पायाचा सगळा भार दुसऱ्यावर टाकून तो चांगला पायही बिघडवून घेतं. औषध द्यायचंच. मात्र कारण सापडल्यावर, किंवा निदान कारण शोधता शोधता.

इंजेक्शनच्या आधी खूर बघा

लंगड दिसली की बहुतेकांचा हात खांद्याकडं जातो. "खांदा उतरलाय" हे निदान आपल्याकडं फार लोकप्रिय. प्रत्यक्षात पुढच्या पायाच्या लंगडीचं मूळ बहुतेक वेळा खालीच, खुरात किंवा खुराच्या आसपास निघतं.

आधी पाय कोणता ते ठरवा. मोतद्दाराला घोडं सरळ, कडक जमिनीवर, लगाम सैल धरून दुडक्या चालीनं न्यायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा असेल तर पुठ्ठ्याकडं बघा, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. ही तपासणी औषध पोटात असताना करून काही उपयोग नाही. म्हणून डॉक्टर येणार असतील तर ते यायच्या आधी 'थोडा आराम पडावा' म्हणून इंजेक्शन देऊन ठेवू नका. माझ्यापुढं धडधाकट चालणारं घोडं आणून "काल लई लंगडत हुतं" म्हटलं, तर मी तपासणार काय?

मग खुरावर हात ठेवा. चारही खुरं एकेक करून चाचपा, एखादं जास्त गरम लागतंय का बघा. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागं दोन्ही बाजूंना बोटं ठेवली की नाडी लागते. चांगल्या घोड्यात ती जेमतेम सापडते. ती बोटाला ठणठण लागत असेल तर खुराच्या आत काहीतरी शिजतंय.

एकच पाय, अचानक, आणि इतका की जमिनीला टेकवत नाही: हाड मोडल्याची शक्यता बाजूला काढली की पहिला संशय खुरात पू झाल्याचा. आठवड्याभरात नाल मारले असतील तर नालबंदाला बोलवा. खिळा जिवंत भागात गेला असेल किंवा त्याला खेटून बसला असेल, तर तो खिळा काढताना घोडं पाय हिसकतं आणि बरेचदा खिळ्याच्या टोकाला ओल दिसते. नाल जुने असतील तर तळवा साफ करून चिमट्यानं थोडा थोडा दाबत जायचं. एका ठिकाणी घोडं दचकतं. तिथं खूरचाकूनं पातळ पापुद्रे काढत गेलं की पांढरट तळव्यात एक बारीक काळी रेघ दिसते, आणि तिच्या मागं गेलं की राखाडी, पाण्यासारखा पातळ, नाक फिरवणारा पू बाहेर येतो. पुष्कळ वेळा पू निघाल्यावर थोड्याच वेळात घोडं पाय टेकवतं. त्याला कुठलंही इंजेक्शन दिलेलं नसतं. असा पू कोंडलेला असताना महिनाभर ब्युट देत राहिलं तर पू खुराच्या आतून वर सरकतो आणि खूर जिथं कातडीला मिळतं तिथं फुटतो. हे खोदकाम डॉक्टरनं किंवा हाताला सवय असलेल्या नालबंदानंच करावं; जास्त कोरलं तर दुसरीच जखम होऊन बसते. आणि धनुर्वाताची लस बघा. घोडं धनुर्वाताला फार लवकर बळी पडतं, आणि खुरातली जखम म्हणजे त्या जंतूला हवी तशी जागा.

पुढचे दोन्ही पाय, घोडं मागं रेलून उभं, वळायला नकार, एक पाय उचलू देत नाही कारण सगळा भार दुसऱ्यावर जातो: हा लॅमिनायटिस धरूनच चाला. आपला ऊसपट्टा. गूळ, उसाच्या कांड्या आणि लग्नाच्या मांडवातून उरलेली बुंदी-जिलेबी, सगळं लाडानं घोड्याच्या तोंडात जातं. कुणी शर्यतीआधी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एकदम दुप्पट करतं. पिष्ट आणि साखर आतड्यात गेली की तिथं बिघाड होतो, आणि त्याचा तडाखा खुराच्या आतल्या पडद्याला बसतो. ज्या पडद्यानं पायाचं शेवटचं हाड खुराला धरून ठेवलेलं असतं तोच सुटायला लागतो. इथं वेदनाशामक लागतंच, पण ते देऊन घोडं चालवलं तर हाड खाली फिरतं आणि मग त्या घोड्याचं आयुष्य संपल्यात जमा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पाय बर्फाच्या पाण्यात, खाली मऊ आणि जाड बिछाना, चंदी बंद, कोरडा चारा, आणि फेरफटका अजिबात नाही. निपाणीकडच्या एका मामांनी मला ऐकवलं होतं, "चालवलं तर रक्त फिरतंय की." दुसऱ्या एखाद्या दुखण्यात ते बरोबरही असेल. इथं नाही.

पुढच्या पायाच्या नळीमागं दोर सुजलेला, गरम, हात लावला की पाय ओढतं: स्नायूबंधाची इजा. शर्यतीच्या घोड्यात हे ठरलेलंच. पहिल्या दिवशी दिवसातून तीन-चार वेळा वीस-वीस मिनिटं गार पाण्याची धार, पट्टी आणि विश्रांती. सूज आठ-दहा दिवसांत ओसरते, पण आतले तंतू जुळून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. सूज गेली म्हणजे बरं झालं, असं समजून जुंपलेलं घोडंच हमखास परत येतं.

वजन माहीत नसताना डोस कसा ठरतो?

अंदाजानं. लंगड वारंवार येते ती कारण शोधलेलं नसतं म्हणून, पण औषधाचं नुकसान वारंवार होण्याचं मूळ इथं आहे.

मोबाईलवर दिसणारे व्हिडिओ 450 ते 500 किलोच्या थरोब्रेडचे, म्हणजे रेसकोर्सवरच्या मोठ्या जातीच्या घोड्यांचे, असतात. आपल्या वरातीच्या घोडीला तोच आकडा लावला की काय होतं बघा. पुढच्या पायांच्या मागं, खोगिराचा तंग (पट्टा) बसतो त्या जागी छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, हे झालं किलोत वजन. घेर 150, लांबी 140 असेल तर उत्तर येतं साधारण 265. शिंप्याची टेप पुरते.

या 265 किलोच्या घोडीला फ्लुनिक्सिन किलोमागं 1.1 मिलिग्रॅम धरलं तर सुमारे 290 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे मिलीला 50 मिलिग्रॅमच्या बाटलीतलं सहा मिलीच्या आत. व्हिडिओत बघून दहा-अकरा मिली दिलं की डोस जवळपास दुप्पट. ब्युट पहिल्या दिवशी किलोमागं 4.4 मिलिग्रॅम दोनदा, नंतर त्याच्या निम्म्यावर आणायचं असतं. हे 'निम्मं' करायचं कुणालाच आठवत नाही. ब्युटमध्ये योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी आहे, आणि लहान चणीच्या तट्टांना तर ते आणखी लवकर बाधतं.

मेलोक्सिकॅमचं उलटं. घोड्यात किलोमागं 0.6 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. याच घोडीला 159 मिलिग्रॅम झाले. गाईम्हशींसाठी मिळणारी बाटली बरेचदा मिलीला 5 मिलिग्रॅमची असते, म्हणजे बत्तीसेक मिली लागणार. देणारा दहा मिली देतो, गुण येत नाही, "हे औषध घोड्याला लागत नाही" असा शिक्का बसतो आणि त्यावर दुसरं औषध चढतं. बाटलीवर मिलीला किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. 20 मिलिग्रॅमची बाटली असेल तर तोच डोस आठ मिलीत बसतो. आणि गाईच्या बाटलीत मेलोक्सिकॅमसोबत पॅरासिटामॉलही मिसळलेलं असू शकतं, तेही लेबलवरच कळतं.

वीटभट्टीवरच्या गाढवांचं गणित वेगळं. त्यांचं शरीर ब्युट घोड्यापेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळं घोड्याचा हिशोब तिथं चालत नाही.

मानेवर गाठ, मग खड्डा

ब्युटचं इंजेक्शन शिरेतच जायला हवं. स्नायूत दिलं तर तो भाग जळतो. शिरेतून देताना सुई जरा बाहेर सरकली आणि औषध शिरेभोवती सांडलं, तर पहिल्यांदा मानेवर कडक, गरम, लांबट सूज येते, मग कातडी काळी पडते, आणि काही दिवसांनी तो तुकडा गळून खाली लालभडक खड्डा उरतो. असं होतंय असं वाटलं तर लपवू नका, त्याच तासात डॉक्टरना सांगा. फ्लुनिक्सिन स्नायूत दिल्यावर काही घोड्यांत क्लॉस्ट्रिडियमचे जंतू त्या जागी वाढतात. सूज हाताखाली करकरते, ताप चढतो आणि एक-दोन दिवसांत घोडं जातं. पायाच्या दुखण्यानं नव्हे, सुईनं. म्हणून "शीर सापडली नाही, मांसात मारलं" हे वाक्य घोड्याच्या बाबतीत चालवून घ्यायचं नाही.

दोन औषधं मिळून दुप्पट गुण?

नाही. सकाळी ब्युट आणि संध्याकाळी फ्लुनिक्सिन दिलं तर दुखणं थोडं जास्त दबेल, पण पोट आणि आतड्यांचं नुकसान त्याहून पुष्कळ जास्त. त्यात कुणी 'सुजेवर' म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ठेवून दिलेलं असतं. गावात एक जण सकाळी येतो, दुसरा संध्याकाळी, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. तबेल्यात एक वही टांगा: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, शिरेतून की तोंडानं, तारीख, वेळ. रिकाम्या बाटल्या फेकू नका. सोबत ॲसिडिटीची गोळी दिली म्हणजे बिनधास्त, असंही नाही. ती पोटाला राखते, मोठ्या आतड्याला नाही.

नुकसान सुरू झाल्याची लक्षणं घोड्यात गुपचूप येतात. चंदी समोर ठेवली की दोन घास खाऊन मागं सरकणं. दात खाणं, लाळ. ओठांच्या आत आणि जिभेवर व्रण. लीद सैल. अंग उतरणं. पोटाखाली आणि पायांवर बोटानं दाबलं की खळगा राहणारी सूज. याचा अर्थ मोठ्या आतड्याच्या व्रणांतून प्रथिनं गळतायत. यातलं एक जरी दिसलं तर वेदनाशामक त्याच दिवशी थांबवून डॉक्टरना फोन करायचा. उन्हाळी लग्नसराईत तर आणखी एक गोष्ट. दुपारची वरात, तापलेलं डांबर, डीजेपुढं ताटकळणं, आणि पाणी पाजायला कुणाला सवड नाही. शरीरात पाणी कमी असताना हे औषध गेलं की मार मूत्रपिंडावर बसतो. औषध चालू असलेल्या घोड्यासमोर पाण्याची बादली कायम भरलेली हवी. आणि खरं तर त्या दिवशी ते वरातीत नकोच.

जत्रेच्या आदल्या रात्री

माघात चिंचलीच्या मायाक्काची यात्रा, मग गावोगावच्या जत्रा, त्यांच्या शर्यती. आदल्या रात्री "सैल व्हायला" एक इंजेक्शन, हे उघड गुपित आहे. बाहेरच्या जगानं हे सगळं आपल्या आधी बघून झालंय: 1968 साली अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत पहिला आलेल्या डान्सर्स इमेज या घोड्याच्या लघवीत ब्युट सापडलं आणि त्याचा निकाल फिरला, पुढं वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. आपल्या जत्रेत लघवी कोण तपासतंय! पण शर्यतीत होतं काय, तर दुखऱ्या दोराचा इशाराच घोड्याला मिळत नाही. ते पूर्ण ताकदीनं पळतं, आणि अर्धवट तुटलेलं पूर्ण तुटतं. गाडीवरचा माणूसही खाली येतो, कधी बघ्यांच्या अंगावर. लंगड्या जनावराला कामाला लावणं आणि त्याला अपाय करणारं औषध देणं, दोन्ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हे आहेत. माझ्याकडं कुणी 'शर्यतीपुरतं' मागायला आलं तर मी देत नाही. वाईटपणा येतो, येऊ दे.

घोड्याला लांब चालवायची विद्या या मातीत नाही असं थोडंच आहे. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी माउलींच्या पालखीसाठी पायी आळंदी गाठतात. महिनोन्महिने हळूहळू वाढवलेली चाल, वेळेवर नालबंदी, रोजचा खरारा. घोडं तयार होतं ते या रांगड्या कामानं.

पोटदुखीत सगळ्यात मोठा धोका

घोडं लोळतंय, पोटाकडं मान वळवतंय, पुढच्या पायानं माती उकरतंय. फ्लुनिक्सिन दिलं, अर्ध्या-पाऊण तासात शांत झालं, सगळे जेवायला गेले. साधा गॅस असेल तर ठीक. आतड्याला पीळ असेल तर वेदना तेवढी झाकली जाते, पीळ तिथंच राहतो, आणि ऑपरेशनला नेण्याची वेळ त्या शांततेत निघून जाते. म्हणून डोस एकदाच, डॉक्टरांनी तपासून, वेळ लिहून. काही तासांत दुखणं परत आलं तर दुसरा डोस हे उत्तर नाही. ती धोक्याची खूण आहे. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून मोजा. औषध देऊनही ती साठच्या वर राहत असेल, हिरड्या जांभळट दिसत असतील, लीद पडत नसेल, तर गाडी बोलवा. ऑपरेशनची सोय कुठं आहे ते आधीच विचारून ठेवा. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच पुणे-बंगळूर हायवेवर आहे, तिथंही चौकशी करता येईल. आणि बाटलीनं गोडेतेल घशात ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

दुकानात काय मागू नये

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून बंदी आहे, कारण औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. मग माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांकडं वळायला लागल्या, म्हणून 2015 मध्ये त्यांनाही 3 मिलीची मर्यादा घातली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक, 2024 च्या डिसेंबरअखेर निमेसुलाइडही जनावरांसाठी बंद झालं. जुन्या पुस्तकांत घोड्यासाठी किटोप्रोफेनचा डोस अजून छापलेला सापडतो, त्यावर जाऊ नका. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलेलं आहे. औषध चालू असताना घोडं गेलं तर माळावर टाकू नका, खोल पुरा.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: कोणता पाय, कधीपासून, नाल कधी मारले, चंदीत काय बदललं, कोणतं औषध किती आणि किती वाजता दिलं, नाडी आणि ताप किती (37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस नेहमीचा). जवळ डॉक्टर नसेल तर 1962 वर फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी फोन लागतो. गाडी येईपर्यंत घोडं सावलीत, पाणी समोर, आणि वहीतलं शेवटचं पान उघडं ठेवा.